झरोक्यातली कण्हेर

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात आजवर कुणी काही लिहिलेलं नाही. अप्पा सही करतात, तीही बोटांचा रंग कागदाला लागेल म्हणून पेन लांबूनच धरून. आई अंगठा देते आणि मग बराच वेळ तो पदराला पुसत बसते. कॉलेजात जाणारा घरातला पहिला मी. पण एवढ्यानं माणसाला लेख लिहिता येतो, असं मला वाटत नाही. असे लेख लिहिणाऱ्यांनी खूप वाचलेलं असतं, डोंगर-समुद्र पाहिलेले असतात. माझ्याजवळ फक्त एक उन्हाळा आहे, आणि त्या उन्हाळ्यात आमच्या खोलीत सगळीकडे ठेवलेल्या बाटल्या आहेत. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

तो उन्हाळा परत आठवायचं कारण यंदाची प्रॅक्टिकल परीक्षा. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत टेबलावर परीक्षानळ्यांचा स्टँड होता आणि एका नळीत कसलीशी फांदी पाण्यात ठेवलेली होती. बाहेर फुफाटा सुटलेला. खिडक्यांना ओली पोती लावलेली. मी नळी उचलली, आणि शिळ्या पाण्याचा, किंचित कुजकट, किंचित गोड असा वास आला. मला फांदीचं नाव लिहायचं होतं. ते लिहायचं सोडून मी कितीतरी वेळ तो वास घेत उभा राहिलो.

आईचं माहेर भीमेच्या काठावरचं, करमाळ्याकडचं धोंडगाव. आता ते गाव आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. नदीवर धरण होणार, पाणी गावावर येणार, हे मी लहानपणापासून ऐकत होतो. पण ते कधीतरी होणार होतं, आणि कधीतरी होणाऱ्या गोष्टींना आमच्याकडे कुणी घाबरत नाही. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो त्या वर्षी मात्र मामा आला, चहा बशीत ओतून घेतला आणि न पिताच म्हणाला, "ताई, औंदा उठायचं हाय. मृगाच्या आत घरं खाली करा म्हणून सांगून गेल्यात."

आईनं विचारलं, "आन् मग कुटं?"

"वर माळावर. गावठाण आखून दिलंय. चुन्याच्या फक्या मारल्यात, घरांचं आकडं लिवल्यात. समदं एकसारकं. माजं मलाच घावत न्हाय."

आई हसली. मामाही हसला. बशीतला चहा निवून गेला.

शिवरात्रीला आई शेवटचं म्हणून माहेरी गेली. येताना ती काय आणेल याचे मी अंदाज बांधले होते. एखादं भांडं, पाटा, आजोबांची काठी. ती एसटीतून उतरली तेव्हा तिच्या काखेत ओल्या पोत्यात गुंडाळलेला एक भारा होता. त्यात कण्हेरीच्या फांद्या होत्या. नदीच्या घाटावर महादेवाचं देऊळ, त्याच्या कडेला ती कण्हेर. फिक्या गुलाबी फुलांची. आई लग्नाआधी रोज तिची फुलं महादेवाला वाहायची. एसटीत कंडक्टरनं विचारलं म्हणे, "मावशी, कण्हेर काय सोलापुरात मिळत न्हाय व्हय? स्टेशन रोडला रांगच हाय की." आईनं नुसते तिकिटाचे पैसे पुढे केले. मला मात्र घरी आल्यावर म्हणाली, "त्याला काय सांगायचं? ती हितली. ही तितली."

तिचा बेत सरळ होता. फांद्यांना मुळं फोडायची. एक रोप मामाच्या नव्या दारात, एक आपल्या दारात. उरलेली मागेल त्याला. माळावर नुसती फांदी खोचून भागणार नव्हतं, तिथे मुरुम आणि पाणी टँकरचं. पण मुळं धरलेलं रोप पहिल्या पावसाच्या तोंडावर लावलं तर तगेल. आणि पुन्हा फांदी आणायची सोय नव्हती. उठताना लोक झाडं तोडून लाकूड नेणार होते, बाकीच्यावर पाणी येणार होतं. जे काय वाचायचं ते त्या पोत्यात होतं.

"तू झाडाचंच शिकतोस न्हवं?" आई मला म्हणाली. "मग कर की."

मला अजून आठवतं, त्या वाक्यानं माझी छाती केवढी फुगली होती. वर्षभर मी आईला काय शिकतो ते सांगू शकलो नव्हतो.

आमची खोली म्हणजे एक दार, एक खिडकी आणि दारावर एक झरोका. त्या खोलीत मी पाण्याची रोपवाटिका मांडली. प्रयोगशाळेतल्या शिपायानं कडा फुटलेल्या परीक्षानळ्या दिल्या. शेजारच्या राजव्वानं बॉबिन ठेवायची जुनी भोकांची फळी दिली, नळ्या तिच्यात अशा बसल्या की जणू त्यासाठीच केलेली. दवाखान्यातल्या औषधाच्या बाटल्या होत्या, त्यांच्यावर डोसाची कातरलेली कागदी पट्टी तशीच होती. पाणी किती उडालं ते त्या पट्टीवर कळायचं. आई म्हणायची, "कण्हेरीनं आज सकाळचा डोस घेतला." शाईच्या दौती होत्या. आणि एक उडालेला बल्ब होता. त्याचं बूड खिळ्यानं टोकरून मी आतली काच काढली, बाजूच्या दोन पितळी खुंट्यांना तार बांधली, पाणी भरलं. बल्ब काही खाली उभा राहीना. खोलीत मोकळा खिळा एकच, तो झरोक्याला. म्हणून तो तिथे टांगला. दुपारी ऊन कलतं झालं की त्या बल्बमधून एक हलणारा उजेड भिंतीवर पडायचा, आणि आई भाकरी थापता थापता मान वर करून त्याच्याकडे बघायची.

फांदी पेराच्या खाली तिरकी कापायची, खालची पानं काढायची, मुळांना अंधार हवा म्हणून बाटलीला काळा कागद गुंडाळायचा, हे मी पुस्तकात वाचलं होतं. मी सगळ्या बाटल्यांना कागदाचे सदरे घातले. बल्बला तेवढा घातला नाही, कारण आईला तो उजेड हवा होता.

राजव्वाबद्दल सांगायला हवं. ती तेलुगू घरातली, नवरा चादरीच्या मागावर कामाला, ती स्वतः दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. आमच्या उंबऱ्यावर बसून वळायची, कारण आमच्या दारात सावली जास्त. हात थांबत नसत आणि तोंडही. बाटल्या बघून ती पहिल्या दिवशी म्हणाली, "अय्यो अक्का, लोक बाटलीत लोणचं घालतेत. तू माहेर घालून ठेवलीस की!"

आई म्हणाली, "मुरू दे. मुरलं की तुलाबी दीन."

"मला नको बाई. कण्हेरीचं पाणी पोटात गेलं तर माणूस जातंय. आणि तू ते घागरीजवळ ठेवलीस." मग विडीला दोरा गुंडाळत, अगदी सहज, "आणि तुला रडायला काय झालं? धरण झालं की पाणी सोलापूरला येणार म्हणतेत. तुझं माहेर आमच्या नळालाच येईल की."

आईच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. राजव्वाला ते कळलं. संध्याकाळी तिनं न मागता एक घागर पाणी आणून दिलं.

पाण्याची ती तऱ्हा होती. नळ दिवसाआड, तोही पहाटे, करंगळीएवढी धार. आख्ख्या चाळीच्या घागरी रांगेत. अशा उन्हाळ्यात माणसांच्या तोंडचं पाणी फांद्यांना घालायचं म्हणजे आईलाही अवघड वाटायचं. शिवाय राजव्वाचं विषाचं बोलणं तिच्या मनात बसलं होतं. कण्हेरीला घातलेलं भांडं घागरीत बुडवायचं नाही, असा तिनं नियमच केला.

आणि अप्पा. अप्पा मूळचे मंद्रूपकडचे, घरी कानडी बोलत वाढलेले. रंगखान्यात सूत रंगवायचं काम. कोपरापर्यंत हात कधी निळे, कधी तांबडे. आज चादरींना कुठला रंग लागला ते आम्हाला जेवणाच्या ताटावर अप्पांच्या बोटांवरून कळायचं. बोलणं फार कमी. एखादी गोष्ट संपली की "आयतु" म्हणायचे, म्हणजे झालं, आणि पुढे काही नाही. बाटल्या बघून ते एवढंच म्हणाले होते, "पाय ठेवायला जागा न्हाय राहिली." आईला ते लागलं होतं. मला म्हणाली, "त्यांचं माहेर असतं बुडायचं म्हंजे कळलं असतं."

चैत्र लागला. कडुनिंबाचा मोहर अंगणात पडू लागला, त्याचा तो कडू-गोड वास आणि परीक्षेचा अभ्यास माझ्या मनात आजही एकत्रच आहे. पुस्तक वाचता वाचता मी कागदाचा सदरा वर करून बघायचो. आणि एका सकाळी फांदीच्या सालीवर पांढरे ठिपके दिसले. तांदळाच्या कण्यांसारखे. मी आईला हाक मारली. तिनं नळी हातात घेतली, उजेडात धरली, म्हणाली, "आगं बया. दात येताना दिसत्यात तसंच हाय की." तिनं सगळ्या बाटल्या एकेक करून पाहिल्या. त्या दिवशी शेवयांची खीर झाली. अप्पांनी विचारलं, "आज काय हाय?" आई म्हणाली, "काय न्हाय. दात आलं." अप्पा माझ्याकडे बघत राहिले.

नंतर मात्र वाईट सुरू झालं. पांढरे ठिपके पिवळे पडले, मग तपकिरी. फांदीचं टोक बुळबुळीत झालं. पानं खालून काळी पडत वर चालली. मी पाणी बदललं, टोकं पुन्हा कापली, बाटल्या सावलीत नेल्या, पुन्हा उजेडात आणल्या. दोन-चार दिवस बरं वाटायचं, मग परत तेच. कण्हेर म्हणजे कुठेही जगणारं झाड, शेळी तोंड लावत नाही, कोरड्या नदीत उभं राहतं. ती आमच्या घरात मरत होती. आईनं आधी राजव्वाच्या नजरेवर घेतलं, मग स्वतःवर. "देवाजवळची फांदी तोडली. नको होती तोडाय." मामाकडून सांगावा आला की घाटावरची झाडं तोडून झाली, देव वरच्या गावठाणात हलवला. म्हणजे मागचं दार बंद झालं. आई रोज सकाळी एखादी मेलेली फांदी बाटलीतून काढायची आणि चुलीत न घालता दारामागे उभी करून ठेवायची.

जगत होती ती एकच, बल्बातली. तिची मुळं चांगली बोटभर झाली होती, पांढरी, काचेला टेकून वळलेली. तेच पाणी, तीच फांदी. मला कळेना.

कळलं ते एका पहाटे. मी नळावरून घागर घेऊन आलो, तर दारात अप्पा वाकलेले. त्यांच्या हातात गडवा. ते एकेका बाटलीचा कागद हळूच खाली करून, जिथे पाणी कमी दिसेल तिथे धार सोडत होते. थेंबही बाहेर सांडू न देता. रंगखान्यात सुताला रंग देताना जसा हात चालत असेल तसा. मला बघून ते उगाच खाकरले. "तिचं घागरीतलं पाणी कशाला मोडायचं," म्हणाले. "म्हणून आपलं डब्यातलं घालतो. तिला नको सांगू."

तो डबा दारामागे असायचा. रंगखान्यातून आणलेला, कॉस्टिक सोड्याचा मोठा पत्र्याचा डबा. अप्पांनी तो कितीतरी वेळा घासून धुतला होता, आणि आम्ही त्यात हातपाय धुवायचं पाणी साठवत होतो. पाणी दिसायला स्वच्छ. रंग नाही, वास नाही. माझ्या वहीत कॉलेजातून आणलेली लाल लिटमसची एक पट्टी होती. अप्पा कामावर गेल्यावर मी ती डब्यात बुडवली. पट्टी निळी झाली.

मी ती खिडकीत वाळत ठेवली. काय करावं ते सुचत नव्हतं. अप्पांना सांगावं तरी वाईट, आईला सांगावं तरी वाईट. संध्याकाळी अप्पा आले, पट्टी दिसली, उचलून डोळ्यांजवळ नेली. रंगखान्यात सुतात सोडा उरलाय का ते अशाच कागदानं बघतात. मग दारामागच्या डब्याकडे पाहिलं. मग बाटल्यांकडे. मग मान वर करून झरोक्याकडे पाहिलं. अप्पा बुटके आहेत. झरोक्यापर्यंत त्यांचा हात पोहोचत नाही. बल्बला पाणी मीच घालायचो, ट्रंकेवर चढून, घागरीतलं.

आई चुलीपुढे होती. अप्पा तिच्या मागे जाऊन उभे राहिले. म्हणाले, "झाडं मी मारली."

आई वळली. तिला वाटलं ते चेष्टा करताहेत. पण अप्पा चेष्टा करत नाहीत.

"डब्यात सोडा राहिलाय. कोपऱ्यात, जोडात. मी रोज तेच पाणी घालत होतो."

"तुमी?" आई म्हणाली. "तुमी पाणी घालत हुता?"

"व्हय."

"रोज?"

"नळ आला की."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ती ओरडेल, किंवा रडेल. ती म्हणाली, "आन् मला म्हनला, पाय ठेवाय जागा न्हाय."

"न्हवतीच जागा," अप्पा म्हणाले.

आणि आईला हसू आलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी ती हसतच होती. उंबऱ्यावरून राजव्वानं विचारलं, "काय झालं गं अक्का?" आई म्हणाली, "काय न्हाय. आमच्या रंगाऱ्यानं माजं माहेर धुतलं." अप्पांचे निळे हात तसेच लोंबत होते. त्या रात्री जेवताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही, आणि आईनं त्यांच्या ताटात न विचारता जास्तीची भाकरी वाढली.

आता फांदी एक आणि दारं दोन.

मला वाटत होतं आई ती ठेवून घेईल. राजव्वाही म्हणाली, "ठेव की. भावाला म्हण, मेली." आईनं एक-दोन दिवस काहीच ठरवलं नाही. भिंतीवरच्या त्या हलत्या उजेडाकडे बघत राहायची. मग मामा शेवटच्या खेपेला आला तेव्हा तिनं मला ट्रंकेवर चढायला सांगितलं. बल्ब तारेसकट खाली घेतला. मामाच्या हातात देताना म्हणाली, "हितं लावून काय करू? माहेर काय हितं हाय?"

मामानं बल्ब कंदिलासारखा बोटात अडकवला. एसटी स्टँडपर्यंत मी त्याच्याबरोबर गेलो. रस्त्यानं लोक बघत होते. मामाला लाज वाटत असावी, पण त्यानं हात खाली केला नाही. गाडी सुटली तेव्हा खिडकीतून बल्ब बाहेर धरलेला दिसत होता, आणि आत मुळं डुचमळत होती.

त्या पावसाळ्यानंतर मामा एकदाच येऊन गेला. बल्ब परत द्यायला. आई म्हणाली, "लागलं का?" तो म्हणाला, "लावलंय. बगू." लागलं आणि लावलंय यांतलं अंतर आईला कळलं. माळावर काही पिकण्याजोगं नव्हतं. मामा घराला कुलूप लावून बायकोमुलांसकट माळशिरसकडे, साखर कारखान्याच्या कामाला गेला. बंद दारातल्या रोपाला पाणी कोण घालणार? आईनं पुन्हा विचारलं नाही. माहेरचा विषयच काढेनाशी झाली. कुणी धोंडगावचं म्हणून भेटलं तरी तिला काय विचारावं कळत नसे. पूर्वी ती विचारायची, वेशीजवळ कोण असतं, पाराशेजारचं घर पडलं का. आता ना वेस होती, ना पार. फक्त आकडे होते. आकड्याला कुशल कसं विचारायचं? बल्ब मात्र तिनं टाकला नाही. रिकामाच झरोक्यात टांगला. तीन उन्हाळे तो उजेड भिंतीवर पडत राहिला, पण पाणी नसल्यामुळे हलत नव्हता.

मला इथे काहीतरी विचार मांडायला हवा, असे लेख लिहिणारे मांडतात. मला एवढंच सुचतं की पाण्यात वाढवलेल्या रोपाची मुळं आपल्याला दिसतात, आणि मातीत लावलं की दिसेनाशी होतात. दिसत नाहीत म्हणजे ती नाहीत, असं आपण किती चटकन धरून चालतो. पण हेही मला आत्ता सुचतंय, कालच्या नंतर. परवापर्यंत मीही तसंच धरलं होतं.

काल शेवटचा पेपर झाला. मी एसटी स्टँडवरून चालत घरी येत होतो. रसाच्या गुऱ्हाळापाशी गर्दी होती. बाकावर पटका बांधलेले एक म्हातारे आणि त्यांच्यासमोर टोपी घातलेला एक गृहस्थ, बहुधा मुलगी बघायला जाणारा पाहुणा. म्हातारे पत्ता समजावत होते.

"नवं धोंडगाव म्हनून उतरायचं. जुनं म्हनू नगा, कंडक्टर हसतंय. उतरलं की सरळ कण्हेरीपाशी या. तितनं उजव्या अंगाला तिसरं घर आमचं."

पाहुणा म्हणाला, "घराला नंबर असंल की."

"नंबर हाय हो. पर नंबर कोन ध्यानात ठेवतंय? समदी घरं सारकीच. पोस्टमनबी कण्हेरीपासनंच मोजतोय."

मी पुढे झालो. माझा आवाज चिरकला असावा, कारण दोघांनीही दचकून पाहिलं. मी विचारलं, "आजोबा, कुठली कण्हेर?"

"एकच हाय बाबा माळावर. एका बंद घराच्या दारात. मालक कारखान्यावर हाय."

"मग पाणी कोण घालतं?"

म्हातारे हसले. "कोन घालनार? टँकर तितंच थांबतोय. त्याची तोटी गळकी. बाया हंडं भरत्यात, भांडत्यात, सांडत्यात. समदं जातंय कण्हेरीला. माणसापरीस उंच झालीया."

"फुलं?"

"औंदाच्या शिवरात्रीला महादेवाला तिचीच वाहिली की. फिकी गुलाबी. जुन्या घाटावर हुती बग, तसली."

मी रस न पिताच पळत घरी आलो. राजव्वा उंबऱ्यावर होती, तिला ओलांडून आत गेलो. अप्पा नुकतेच आले होते, हात आज तांबडे. आई पीठ मळत होती. मी एका दमात सगळं सांगितलं. टँकर, गळकी तोटी, शिवरात्र.

आईचे हात पिठात तसेच राहिले. अप्पा उठले, त्यांनी ट्रंक ओढली, तिच्यावर चढले, आणि टाचा उंचावून झरोक्यातला बल्ब काढला. मग पिण्याच्या घागरीकडे बोट दाखवून त्यांनी मला विचारलं, "ह्यातलंच ना?"

पण आईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती मला विचारत होती, "उजव्या अंगाला तिसरं घर त्या म्हाताऱ्याचं. मग पयलं कुनाचं? आन् दुसरं? आन् कण्हेरीच्या डाव्या अंगाला कोन ऱ्हातंय रे?"